सात मारुतींचं इंजिन

‘डस्टर’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? फळा पुसायचं लाकडी डस्टर, नाहीतर रेनॉची ती एसयूव्ही. माझ्या आईला पहिलं आठवलं, भावाला दुसरं. माझ्या गॅरेजमध्ये आहे ती तिसरीच. प्लिमथ डस्टर ३४०, मॉडेल १९७०. दोन दारं, लांबलचक बोनेट, मागे घसरत गेलेलं छप्पर आणि पुढे ३४० क्युबिक इंचांचं व्ही-एट इंजिन. हे ३४० क्युबिक इंच म्हणजे नक्की किती, याचा हिशेब मी एका रात्री बसून केला. ५५७२ सीसी. आपल्या मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं. आता ७९६ गुणिले ७ करून बघा. बरोब्बर ५५७२! एका बोनेटखाली सात मारुती. (डोंबिवलीतल्या आमच्या शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या आधी हात जोडतील.)

मसल कारचा फंडा एकदम सोपा आहे. मध्यम आकाराची, स्वस्तातली, कुणी वळूनही बघणार नाही अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं दांडगं इंजिन कोंबायचं. १९६४मध्ये पॉन्टियाकनं आपल्या टेम्पेस्ट या सरळमार्गी गाडीवर ‘जीटीओ’ नावाचं पॅकेज द्यायला सुरुवात केली आणि तिथून ही साथ पसरली, असं बहुतेक जण मानतात. दहा वर्षांत सगळा खेळ आटोपला. विम्याचे हप्ते गाडीच्या हप्त्यांशी स्पर्धा करायला लागले, धुराचे कायदे आले आणि १९७३मध्ये तेलानं गळा धरला. माझी डस्टर या कुटुंबातली गरीब घरची मुलगी. पुढचा अर्धा भाग सरळ व्हॅलियंट या साध्या गाडीचा उचललेला. मूळ किंमत २,५४७ डॉलर. पण पळायला लागली की श्रीमंत बहिणींना घाम फोडायची म्हणे.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला, रॉयल ओकमध्ये राहते. कामानं सॉफ्टवेअरवाली. इंजिनात ठिणगी कधी पडावी, इंधन किती जावं, हे ठरवणारा जो छोटा कॉम्प्युटर असतो ना, त्याचा कोड लिहायचा. आठ वर्षं मी इंजिनांबद्दल लिहीत होते आणि एकाही इंजिनाला हात लावला नव्हता. गंमत म्हणजे मी जन्मले ती गॅरेजवाल्याच्या घरात. बाबांचं कुर्ल्याला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज होतं. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या, अधूनमधून एखादा म्हातारा फार्गो ट्रक. भाऊ सुट्टीत तिथे जायचा. मी पाना उचलला की बाबा म्हणायचे, ‘‘हात काळे करायला माझे आहेत ना? तू अभ्यास कर.’’ केला. इतका केला की अमेरिकेत येऊन पोचले!

ऑक्टोबर २०२१मध्ये लॅन्सिंगच्या पलीकडे एका शेतावरच्या कोठारात ही डस्टर मिळाली. साडेआठ हजार डॉलर. चारही टायर बसलेले, इंजिन जाम, मूळच्या लाल रंगावर कुणीतरी ब्रशनं फासावा तसा तपकिरी रंग, मागच्या सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या. मिशिगनचा गंज हा एक वेगळाच विषय आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, चक्क मिठाची खाण आहे! गाड्या जन्माला घालणाऱ्या शहराच्या खालीच गाड्यांना खाणारं मीठ. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा असा गेला होता की क्लच दाबताना जमीन दिसावी.

पहिलं काम पाने-हातोडीचं नव्हतंच. ते होतं वाचनाचं. या गाड्यांवर कारखान्यानं खुणा ठोकून ठेवलेल्या असतात. गाडीचा नंबर सुरू होतो ‘व्ही एस २९ एच ० बी’ असा. व्ही म्हणजे व्हॅलियंट घराणं, २९ म्हणजे दोन दारी बॉडी, एच म्हणजे ३४० इंजिन, शून्य म्हणजे १९७० आणि बी म्हणजे हॅमट्रॅम्क. मी थांबलेच. हॅमट्रॅम्क माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. आम्ही तिथे बांगलादेशी हॉटेलात बिर्याणी खायला जातो! तिथल्या ‘डॉज मेन’ नावाच्या अवाढव्य कारखान्यात ही बनली होती. तो १९८०मध्ये बंद झाला, पाडला गेला, त्या जागेवर जनरल मोटर्सचा कारखाना उभा राहिला आणि आता तिथे विजेवरचे ट्रक बनतात. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबरही गाडीच्या नंबरशी जुळला. म्हणजे इंजिन हिचंच, जन्मापासूनचं. मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये कारखान्यातला कागद सापडला. कुठले पार्ट बसवायचे, याची कामगारांसाठीची यादी. निम्मा उंदरांनी खाल्लेला. उरलेल्या निम्म्यात रंगाचा कोड शाबूत होता. ईव्ही-२. टॉर-रेड. नारिंगीकडे झुकणारा, पोलिसांना आमंत्रण देणारा लाल.

शेजारी एक आजोबा राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पोलिश वंशाचे, तरुणपणी त्याच डॉज मेनमध्ये लाइनवर होते. त्यांनी दाराच्या फटी बोटानं मोजल्या. वर चार मिलिमीटर, खाली आठ. म्हणाले, ‘‘शुक्रवारी संध्याकाळी बनलेली दिसतेय.’’ मग बराच वेळ लाइनबद्दल बोलत राहिले. लाइनचा वेग कसा वाढवत न्यायचे, मे १९६८मध्ये कामगारांनी काम कसं बंद पाडलं, डॉज रेव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट कशी उभी राहिली. ‘जपून ठेवलेला सुवर्णकाळ’ म्हणून लोक या गाड्यांकडे बघतात. मला त्या दिवसापासून दाराची ती वाकडी फट जास्त खरी वाटते. ती मी सरळ केली नाही. करणारही नाही.

गाडी खोलणं हा धम्माल प्रकार आहे. खोलायला चार महिने लागले. प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव, आधी फोटो. नावं मी मराठीत लिहिली. ‘डावं दार, खालची बिजागरी, ३ बोल्ट’. ‘डिकीचं कुलूप, स्प्रिंग उडते, सांभाळ!’ एकूण ३४० पिशव्या झाल्या असत्या तर गोष्ट छान झाली असती, पण झाल्या ३१२. आजोबा मदतीला यायचे आणि पिशव्यांकडे बघून हताश व्हायचे. पुढे त्यांना ‘डावं’ आणि ‘उजवं’ एवढं ओळखता यायला लागलं.

चाकं काढायची वेळ आली तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता. तोवर बाबांचा सूर ‘कशाला हा उद्योग’ असाच होता. उजव्या बाजूची चाकं निघाली. मी डावीकडे वळले तर म्हणाले, ‘‘थांब. बोल्टच्या तोंडावर काही लिहिलंय का बघ.’’ घासून बघितलं. ‘एल’. ‘‘मग उलटे आटे आहेत. घड्याळाच्या दिशेनं फिरव. आमच्या फार्गोला तसंच असायचं.’’ डावीकडची चाकं धावताना सरळ आट्यांचे नट सैल होतील, या भीतीनं क्रायसलर १९७०पर्यंत डाव्या बाजूला उलटे आटे वापरत होती. जोर लावून कित्येकांनी ते तोडले आहेत. माझे दहाही अलगद सुटले. आणि बघा, यात नवल काहीच नव्हतं. फार्गो ही क्रायसलरचीच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून क्रायसलरच्या परवान्यानं डॉज, प्लिमथ गाड्या आणि फार्गो ट्रक जोडले जात. फियाट आणि पद्मिनी त्यानंतरच्या. म्हणजे बाबांचं शेड आणि माझं गॅरेज एकाच खानदानातली निघाली. त्या दिवसानंतर रोज सकाळी बाबांचा मेसेज. ‘‘आज काय खोललंस?’’

जाम झालेल्या सिलिंडरांत ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल मिसळून ओतलं, आठ दिवस मुरू दिलं, मग क्रँकच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून रोज थोडं थोडं मागेपुढे. अकराव्या दिवशी हललं. पुढच्या चाकांना इथे गुंडाळीची स्प्रिंग नसते, लांब सळई पीळ घेऊन वजन पेलते. तिचा ताण आधी सोडायचा, मगच बाकीचं. पत्र्यासाठी कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा कोर्स केला. वर्गात बारा पुरुष आणि मी. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केलं की तो पापडासारखा वाकतो, म्हणून इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, थंड होऊ द्या, परत. दोन्ही बाजूंचा तळ बदलायला २०२२चा अख्खा उन्हाळा गेला. वेळ जास्त गेला तो गंजलेला पत्रा कापण्यात. चांगला पत्रा कुठे सुरू होतो तेच सापडत नाही. इंजिनाचा ब्लॉक मशीन शॉपमध्ये बोअर करायला दिला. ४.०४ इंचांचा बोअर तीस थाऊ वाढवून ४.०७. डिसेंबरमध्ये तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून परत आला. आता हळूहळू जोडायचं, वर्षभर मजेत, असा माझा बेत.

११ जानेवारी २०२३. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आमच्या टीममधल्या सगळ्यांना एकदम. नोकरी गेली.

तुमच्यापैकी ज्यांनी एच-वन-बी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी... नोकरी गेल्यापासून साठ दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीनं तुमचा अर्ज दाखल केला तर राहा, नाहीतर सामान बांधा. ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लावलेला होता, पण भारतीयांची ती रांग कशी असते ते माहीतच आहे. घर विकता येतं. फर्निचर कुणीही नेतं. पण गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर एक सांगाडा उभा होता, इंजिनाचा ब्लॉक एका कोपऱ्यात, आणि फडताळात मराठीत लिहिलेल्या ३१२ पिशव्या. खोललेल्या गाडीला इथले लोक टोपलीतली गाडी म्हणतात. ती घेणारा माणूस भंगाराचा भाव देतो, कारण त्याला कुठलाच बोल्ट कुठला ते कळत नाही. त्यात नावं देवनागरीत! एका गिऱ्हाईकानं बावीसशे देऊ केले.

मैत्रिणी म्हणाल्या, आत्ता गाडीचं काय घेऊन बसलीस, नोकरी शोध. नोकरी शोधतच होते. सकाळी सात ते दुपारी तीन अर्ज, फोन, इंटरव्ह्यू. पण तीननंतर काय करायचं? सोफ्यावर बसून इमेल रिफ्रेश करायची? ते दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले. मनाशी एकच ठरवलं, हे इंजिन एकदा तरी माझ्यासमोर सुरू झालं पाहिजे. जायचंच असेल तर चालत्या गाडीची किल्ली देऊन जाईन, पिशव्या देऊन नाही.

त्यानंतरचे दिवस मला तारखांनी आठवत नाहीत, पार्टांनी आठवतात. पिस्टनच्या रिंगांची फट फिलर गेजनं तपासायची, सोळा वेळा. क्रँकच्या मुख्य बेअरिंगच्या टोप्या ८५ फूट-पाउंडांवर आवळायच्या, एकदम नाही, तीन टप्प्यांत. कॅम आणि क्रँकच्या चाकांवरचे दोन ठिपके समोरासमोर आणायचे. ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ मला माझ्या फोन नंबरसारखा पाठ झाला. आठ वर्षं मी ज्यासाठी हजारो ओळी लिहीत होते ते काम इथे दोन छोटी वजनं, दोन स्प्रिंगा आणि एक रबरी पडदा करतात. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फाकतात, ठिणगी लवकर पडते. बस्स! अपडेट नाही, पासवर्ड नाही. एका इंटरव्ह्यूमध्ये मला हेच समजावून सांगायला सांगितलं आणि मी कॅमेऱ्यासमोर काळी नखं नाचवत डिस्ट्रिब्युटरचं वर्णन केलं. त्या कंपनीनं नकार दिला. वर्णन मात्र झकास झालं होतं.

इंजिन खाली सोडायला आजोबांनी त्यांची क्रेन दिली. ती गाडीत बसली तेव्हा ४० दिवस संपले होते. २२ फेब्रुवारीला बर्फाचं वादळ आलं. झाडांवर, तारांवर काचेसारखा बर्फ चढला आणि आग्नेय मिशिगनमध्ये लाखो घरांची वीज गेली. आमचीही. दोन इंटरव्ह्यू लायब्ररीच्या पार्किंगमध्ये बसून दिले, रात्री डोक्याला बॅटरी बांधून रेडिएटरचे पाइप जोडले. गॅरेजमध्ये इतकी थंडी की पाना हाताला चिकटायचा. एका रात्री मी सरळ जमिनीवर बसून रडले. पाच मिनिटं. मग उठून पंख्याचा पट्टा ताणला.

रविवारी, २६ तारखेला, संध्याकाळी सातला स्टार्टर मारायचं ठरलं. डोंबिवलीत पहाटेचे साडेपाच. बाबा आंघोळ करून बसले होते.

एक अडचण असते. या जुन्या पद्धतीच्या इंजिनात कॅमशाफ्टचा उंचवटा आणि टॅपेटचा तळ एकमेकांवर घासतात. नवे असताना पहिली वीस मिनिटं त्यांना एकमेकांची सवय व्हावी लागते. त्यासाठी जस्त असलेलं खास तेल, आणि सुरू झाल्याझाल्या इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर न्यायचं, वीस मिनिटं खाली येऊ द्यायचं नाही. मंद सोडलं की कॅम खरवडला जातो आणि दोन महिन्यांचं काम धातूचा चुरा होऊन तेलात उतरतं. म्हणजे पहिल्याच फटक्यात सुरू व्हायला हवं. आधीच ड्रिल लावून तेलाचा पंप फिरवून घेतला, प्रत्येक रॉकरपर्यंत तेल चढलेलं डोळ्यांनी बघितलं. आजोबा आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभे. गॅरेजचं दार उघडं.

दोन फेऱ्या, तिसरी, आणि असा आवाज... मी त्याचं वर्णन करणार नाही. समोरच्या घरातला कुत्रा पलंगाखाली गेला तो दुसऱ्या दिवशी बाहेर आला, एवढं सांगते. मी घड्याळ लावलं. फोनमधून बाबा ओरडत होते, ‘‘एक टॅपेट वाजतोय! गॅप बघितलीस का?’’ मी ओरडले, ‘‘बाबा, हे हायड्रॉलिक आहेत, गॅप नसते, तेल भरलं की थांबेल!’’ ‘‘नक्की?’’ ‘‘नक्की!’’ चौथ्या मिनिटाला टकटक थांबली. बाबा काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी फोन आईकडे दिला आणि चहा ठेवायला गेले. माझे बाबा आयुष्यात कधी चहा ठेवायला गेलेले नाहीत.

वीस मिनिटं पूर्ण झाली. तेल काढून गाळून बघितलं, चुरा नव्हता.

नोकरीचं झालं ते असं. ७ मार्चला नव्या कंपनीनं अर्ज दाखल केला. पाच दिवस शिल्लक होते. पगार आधीपेक्षा थोडा कमी. बॅटरीवरच्या गाड्यांचं काम आहे. ग्रीन कार्डची रांग जिथे होती जवळपास तिथेच आहे, त्यामुळे हे पुन्हा होणार नाही असं मला कुणी लिहून दिलेलं नाही. गाडी विकली नाही. ब्रेक, वायरिंग, काचा यात आणखी दीड वर्ष गेलं. ऑगस्ट २०२४मध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला तिला घेऊन गेले. १९९५पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या निघतात. ६०च्या दशकात याच रस्त्यावर सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या. आता मात्र लागते ती ट्रॅफिकची रांग, दादर टीटीला लाजवेल अशी! सात मारुती पहिल्या गिअरमध्ये ताशी पाच मैलांनी. शेजारी आजोबा, खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना अध्यक्षांसारखे अभिवादन करत होते.

लाल रंग अजून दिलेला नाही. गाडी करड्या प्रायमरमध्येच आहे. पेंटवाल्यानं सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही, आई हे वाचते. स्वतः देणार आहे, एक दार दिलंही आहे, चौथ्यांदा पॉलिश पेपर मारून.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली. बाबांचं शेड त्याच्या दहा वर्षं आधीच गेलं होतं. आता त्यांचा व्हिसा झालाय, मे महिन्यात येतायत. बॅगेत काय आणायचं यावर आई आणि त्यांचं रोज भांडण. तेवीस किलोंतले किती भाजणीचे आणि किती पान्यांचे? मी समजावलं, बाबा, पद्मिनीचे पाने मिलिमीटरचे, इथे इंचाचे लागतात, कशाला ओझं?

‘‘फार्गोचे इंची पाने आहेत ना अजून,’’ बाबा म्हणाले. ‘‘पोटमाळ्यावर.’’

सात-सोळांशाचा आहे का, मी विचारलं. माझा हरवलाय.

‘‘दोन आहेत.’’